औषध म्हणून दिलेली नाचणी

१६ जानेवारी १९८५, बुधवार. सकाळी सहापासून मोड आलेली नाचणी भाजत होते. लोखंडी कढई, मंद आच, आणि उलथनं एका जागी थांबू द्यायचं नाही. मोड करपले तर पीठ कडू होतं आणि कडू पीठ मूल तोंडात घेत नाही. नाचणी झाली की मूग, मग शेंगदाणे, प्रत्येक वेगळं भाजायचं, गार झाल्यावर एकत्र करून गिरणीत न्यायचं. हे पुढच्या फेरीचं काम होतं. त्या दिवशी न्यायचं पीठ आधीच दळून डब्यात भरलेलं होतं. साडेआठला स्टोव्ह बंद केला, डबा, वजनकाटा आणि वही पिशवीत टाकली आणि नऊची एसटी पकडली.

रत्नागिरीतल्या एका महिला मंडळाने गरीब घरांतल्या बायकांसाठी आहारवर्ग सुरू केले होते आणि मी त्या वर्गांची शिक्षिका होते. चार वाड्या माझ्याकडे होत्या, प्रत्येकीला पंधरा दिवसांनी फेरी. त्या दिवशी जायची ती वाडी पावस गावच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या गाडीच्या शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास कातळावरून चालत गेल्यावर लागायची. वर शेतकऱ्यांची पंचवीस-तीस घरं, खाली पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आणि त्यापलीकडे बौद्धवाडी. वर्ग शाळेच्या पडवीत भरायचा, कारण शाळेत सगळ्याजणी यायच्या, देवळात आल्या नसत्या.

उपासमार म्हणावी अशी तिथे नव्हती, आणि शिकवणं अवघड होतं ते त्यामुळेच. बहुतेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत, त्याची मनिऑर्डर यायची. घरात तांदूळ होता, चहा-साखर होती. पण मनिऑर्डर आली की बाजारातून पहिल्यांदा यायचे ते टोस्ट आणि बिस्किटं. मुलाला सकाळी चहात बुडवून टोस्ट, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. कुळीथ मोठ्या माणसांना, सुकट पुरुष घरी असले तर. अंडी घरची असली तरी विकायची. नाचणी तर कुणाला दाखवायचीच सोय नव्हती. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत ती अजून पिकत होती, पण ती हलाखीच्या दिवसांची खूण. पांढरा भात खाणं म्हणजे दिवस पालटले.

मी बायकांना आठवडी बाजारात नेलं. टोस्टच्या पुड्यासमोर उभं राहायचं नाही, आधी मसूर, शेंगदाणे, गूळ, जवळा घ्यायचा आणि मग उरलं तर बाकीचं, असा क्रम ठरवून दिला. आठवड्याच्या जेवणाचा चित्रांचा तक्ता केला. सोमवारी कुळथाची पिठी, मंगळवारी शेवग्याचा पाला घातलेली डाळ, असा. तक्ते घरोघर भिंतीवर लागले, देवाच्या कॅलेंडरशेजारी. एकदा मी पडवीत विचारलं, "कुणाकुणाकडे तक्त्याप्रमाणे होतं?" तेव्हा मागून एकजण म्हणाली, "बाई, तक्तो झ्याक हाय. पण तक्त्यात सासू कुटं हाय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. प्रश्न मात्र बरोबर होता. येणाऱ्या बहुतेक सुना होत्या, आणि कणगीतून काय काढायचं, कुणाच्या ताटात काय वाढायचं, हे सासू ठरवायची. मी शिकवत होते त्यांना, ज्यांच्या हातात काही नव्हतं.

आता वरच्या वाडीतल्या एका घराविषयी. सासू पन्नाशीची, काटक. मुलगा मुंबईत एका कंपनीत हमाल. सून बावीस-तेवीसची, अंगाने बारीक, फारसं न बोलणारी. तिला चौदा महिन्यांची मुलगी. मुलगा गणपतीला घरी येऊन गेला आणि सुनेला पुन्हा दिवस गेले. दिवस गेलेल्या बाईचं दूध बाधतं, असं म्हणून सासूने नातीचं अंगावरचं पिणं एका दिवसात तोडलं. पोर त्यानंतर पेजेवरच होती. नोव्हेंबरात मी तिला काट्याला लावलं तेव्हा ती तिच्या वयाच्या मानाने दोन किलोंनी कमी भरली.

मी सासूला घरी जाऊन सांगितलं, "काकी, हिला नाचणीचं सत्त्व द्या. नाचणी तुमच्या घरचीच आहे."

"नाचनी?" ती म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या वक्ताला खाल्ली तेवडी पुरे झाली. आता पोरगा मुंबयला हाय. आणि मी नातीला नाचनी घालू? लोकां तोंडात श्येन घालतील."

मी वाद घातला नाही. वादाने सासवा बदलत नाहीत हे तोवर मला कळलं होतं. मी वेगळा मार्ग काढला, आणि त्या वेळी मला तो फार हुशारीचा वाटला. दमट हवेत कागदी पुडीतल्या पिठाला जाळी धरायची, म्हणून मी औषधांच्या दुकानातून काचेच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या आणल्या, उकळून घेतल्या. पिठात सुंठ आणि थोडी वेलची घातली, म्हणजे नाचणीचा वास दबेल. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी अशा पाच बाटल्या पाच घरी दिल्या. सगळ्यात अशक्त मुलं त्याच घरांत होती.

काकीने बाटली हातात घेऊन हलवली, बूच काढून वास घेतला. "ह्या काय, औषध हाय?"

"औषधच समजा," मी म्हणाले. "दोन चमचे, दिवसातून दोनदा. मऊ भातात घालून द्या."

औषध म्हटल्यावर तिने ती बाटली दोन्ही हातांनी धरली आणि फळीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवली. मी वर्गात सुनेला हे पीठ स्वतः दळायला लावलं होतं, त्यामुळे तिला ते काय आहे हे ठाऊक होतं. अंगणात तिला गाठून मी हळूच सांगितलं, "सासूला बोलू नकोस हं, नाचणी आहे म्हणून." तिने मान हलवली.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा वजन होतं तेवढंच होतं. मी दुसरी बाटली दिली. दोन जानेवारीला गेले तेव्हा काकी पायरीवरूनच ओरडली, "या बाई, बगा पोर कशी भरलीय! तुमचा औषध लागू पडला!"

पोर खरंच भरल्यासारखी दिसत होती. गाल वर आले होते, पावलं गुबगुबीत. वाशाला काटा अडकवून झोळीत घातलं तर चारशे ग्रॅम जास्त. मी वहीत लिहिलं आणि शाबासकी दिली. पोर झोळीत रडली नाही, नुसती बघत राहिली, हेही मी पाहिलं आणि शहाणी आहे म्हणाले. निघाले तेव्हा सून अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत मागे आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. आतून सासूने हाक मारली तशी ती उभी राहिली, मग परत फिरली. मला गाडी गाठायची होती. मी थांबले नाही. त्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत मी या मुलीचं वजन वाचून दाखवलं. बाकीच्या शिक्षिकांनी बाटलीची युक्ती लिहून घेतली.

हे इतकं मागचं. त्या सोळा तारखेला मी अकराच्या सुमाराला वाडीत पोचले तेव्हा सून शाळेच्या पडवीत नव्हती. आलेल्यांपैकी एकजण म्हणाली, "तिच्या पोरीला तीन दिस ढाळ लागलेत." मी डबा तिथेच ठेवला आणि घरी गेले.

पोर ओटीवर गोधडीत होती. केस विरळ झालेले, रंगाने तांबूस. गोधडी बाजूला केली. पोटऱ्यांवरची कातडी सोलवटल्यासारखी निघालेली. पावलं दोन जानेवारीपेक्षा जास्त गुबगुबीत. मी अंगठा तिच्या पावलावर ठेवून दाबला, पाच आकडे मोजले आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. पिठाच्या गोळ्यात बोट रुतवावं तसा.

ती भरली नव्हती. अंगात पाणी साठलं होतं. काट्यावर वाढले ते चारशे ग्रॅम पाण्याचे होते. पावलावर अंगठा दाबून बघायचं, हे मला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दोन जानेवारीला मी दाबला नव्हता, कारण काटा मला हवं ते सांगत होता.

"काकी, हिला खायला काय काय दिलंत?"

"औषध दिला की. एक दिस चुकला नाय."

"भातातून?"

"भातातून औषध कोन देतो? गरम पान्यातून देतंय. आनि पथ्य कडक. मी सोता बगतंय. म्हावरा नाय, डाळ नाय, गूळ नाय, तेलाचा थेंब नाय. पेज, नि तुमचा औषध. बस्स."

"पथ्य कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सांगाया कशाला पायजे? औषध म्हटला की पथ्य आला. आमी काय येवडी अडानी हाव?"

दीड महिना. मी यायच्या आधी त्या पोरीला निदान कधी डाळीचं पाणी, सुकटीचा तुकडा, गुळाचा खडा मिळत होता. माझी बाटली आली आणि तेही बंद झालं. चार चमचे पीठ आणि पेज. सून दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिला काही बोलता येत नव्हतं, कारण बोलू नकोस असं मीच सांगितलं होतं.

मी एवढंच म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्यायला हवं." काकीने हरकत घेतली नाही. "न्या," म्हणाली. "मोटा औषध देतील." गुरं आणि घर बघायला ती मागे राहिली.

साडेबाराची गाडी मिळाली. सून खिडकीशी बसली, पोर मांडीवर. पोर रडत नव्हती. गाडी पावसच्या रस्त्याला लागल्यावर सून पहिल्यांदा बोलली.

"बाई, मी एकदा बोंबील दिला तिला. भाजून, वाईच. सासूबायनी बगितला. पथ्य मोडलास म्हनून बोलल्या."

"बरं केलंस दिलास तो."

"त्यामुळं नाय ना झाला?"

"नाही," मी म्हणाले. "त्यामुळे नाही."

माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचा हात धरला, पापणी वर केली आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मी आई नव्हे हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. सलाइन लावायला शीर सापडेना. नर्सने तीनदा सुई टोचली, मग डोक्याला लावली. चारच्या आधी पोर गेली. ओरडली नाही की काही नाही. नर्सने सुई काढली आणि सुनेकडे न बघता कापूस दाबून धरला.

मृत्यूचा कागद हातात पडायला तासभर लागला. मग परत जायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. एसटीत मयत नेऊ देत नाहीत, आणि जीप करून न्यायची ऐपत तिची नव्हती. माझी होती. पण स्टँडवर जीपवाला नव्हता आणि संध्याकाळची शेवटची गाडी लागली होती. सुनेने माझ्याकडे न बघता पोरीच्या तोंडावर पदर घेतला, डोकं खांद्यावर टेकवलं आणि गाडीत चढली. मी मागून चढले.

कंडक्टर ओळखीचा होता. "झोपली वाटतं पोर," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली आणि म्हणाला, "टेक गो बाय, हात दुकतील." ती टेकली नाही. सव्वा तास तिने पोरीला तसंच खांद्यावर धरलं. मधेच हात बदलला तेव्हा पोरीचं पाऊल बाहेर आलं, ते तिने पुन्हा झाकून घेतलं.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बातमी आम्ही सांगायच्या आधीच आमच्या चालण्यावरून कळली. घरात पुरुष कुणी नव्हतं, वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी खड्डा खणला. लहान मूल म्हणून पुरलं. अंगणात बायका जमल्या होत्या. काकी ओटीच्या खांबाला धरून बसली होती आणि मोठ्याने बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"औषध लागू पडला व्हता! सगळ्यांनी बगितल्यान पोर कशी भरली व्हती! पन हिनं बोंबील दिलान. पथ्य मोडलान. आयच अशी, तर औषध काय करील?"

बायकांनी माना हलवल्या. सून पऱ्ह्यावरून आंघोळ करून आली होती, ओल्या लुगड्याने उभी होती. कुणीतरी मला चहा आणून दिला. "बाई, तुमी लय केलात," म्हणाली. मी चहा घेतला. त्या अंगणात, त्या वेळी, मी एक शब्द बोलले नाही. दुःखाच्या घरी लगेच नको, उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं. ते काही अगदीच खोटं कारण नव्हतं. पण चहा मात्र मी संपवला.

शेवटची गाडी गेली होती. शाळेतल्या बाईंकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्या घरी गेले. चूल पेटलेली नव्हती, शेजारणीने पाठवलेली भाकरी झाकून ठेवलेली होती. सून अंगण झाडत होती. मी काकीला म्हणाले, "काकी, ते औषध नव्हतं. नाचणी होती. मूग आणि शेंगदाणे घातलेली नाचणी. पथ्याची काही गरज नव्हती. डाळ, मासे, गूळ, सगळं द्यायचं होतं. मी तुम्हाला औषध म्हटलं ते खोटं."

तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी सुनेची बाजू घेताव. तुमचा मन चांगला हाय. पन असा लबाड बोलू नका. आमाला औषध कळतो."

मी फळीवरची बाटली काढली. तळाला दोन बोटं पीठ उरलं होतं. तळहातावर ओतलं, थोडं स्वतः खाल्लं आणि हात तिच्यापुढे केला. "सुंठेची चव सोडून द्या. खाली काय लागतं ते बघा."

तिने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. सासऱ्याच्या काळी वर्षानुवर्षं खाल्लेली चीज होती ती. तिने ती चघळली, आणखी एक चिमूट घेतली. मग लुगड्याच्या काठाला बोटं पुसली. झाडण्याचा आवाज थांबला होता.

"मग मीच मारलंय म्हना की," ती म्हणाली.

"नाही. औषध म्हणाले मी. आणि त्या दिवशी तिचे पाय बघितले नाहीत, तेही मीच."

काकी सुनेकडे न बघता म्हणाली, "भाकरी खाऊन घे गो. पोटात हाय तुज्या." सून हलली नाही. काकी उठली, भाकरीवरचं ताट स्वतः बाजूला केलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. सुनेला ती काही चांगलं बोलली असं मी सांगू शकत नाही. पोटातल्या मुलाची तिला काळजी होती, एवढंच मी ऐकलं.

मला अजून चार घरं होती. वरच्या तीन घरी गेले. दोन घरांत पथ्य चालू होतं. एकीकडे डाळ बंद, दुसरीकडे डाळ आणि मासे दोन्ही. दोन्हीकडच्या मुलांच्या पावलांवर मी अंगठा दाबून पाहिला. एकाच्या पावलावर खड्डा राहिला, उथळ, पण राहिला. त्याच्या आजीला मी तेच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने बाटली माझ्या पिशवीत परत घातली आणि म्हणाली, "पुन्हा आमच्या दारात येऊ नका." तिसऱ्या घरी पथ्य नव्हतं, कारण त्यांनी बाटली उघडलीच नव्हती.

चौथं घर बौद्धवाडीतलं. तिथली बाई जात्यावर बसली होती. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "नाचनी हाय ती मला पयल्या दिवशीच कळली. वासावरनं. मी भाकरीत मळते नि पोराला कालवणात कुस्करून देते. तुमी औषध कशाला म्हनत व्हता, ते मात्र कळला नाय." तिचं पोर अंगणात कोंबडीमागे पळत होतं. मी त्याला धरून त्याचे पाय पाहिले. ठीक होते.

मग मी पुन्हा पऱ्ह्या ओलांडून वर गेले. ज्या आजीने दारात येऊ नका म्हटलं होतं, तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, पोराला आजच रत्नागिरीला न्यायचंय, साडेबाराच्या गाडीने, मी बरोबर येते. तिने दार लावून घेतलं. मी गडग्यावर बसले. अकरा वाजता पोराची आई पोराला कडेवर घेऊन मागच्या दाराने बाहेर आली.